नोट म्हातारी झाली म्हणून

मल्लेश्वरममधल्या आमच्या घरमालकांकडे माणसं रविवारी सकाळी श्रीमंत व्हायला यायची आणि जेवणाच्या वेळेपर्यंत पूर्ववत होऊन परत जायची. येताना हातात एखादं पाकीट, पितळेची डबी किंवा पोथीत जपलेला कागद असायचा आणि चेहऱ्यावर लॉटरी लागलेल्या माणसाचा संकोच. जाताना पाकीट तेच असायचं, संकोच गेलेला असायचा. मी तळमजल्यावर भाडेकरू होते आणि वर जाणारा जिना माझ्या खिडकीला लागून होता. चढताना लोक चपलांचा आवाज करत नाहीत, उतरताना करतात, एवढा शोध मी त्या घरात पहिल्याच महिन्यात लावला.

आमच्या गल्लीत सगळे त्यांना अण्णा म्हणत, म्हणून मीही. त्यांचं घराणं तीनेकशे वर्षांपूर्वी मराठी फौजेबरोबर इकडे कन्नड मुलखात आलं आणि परत जायचं विसरलं. अण्णा स्वतः एका सरकारी कारखान्यात तपासनीस होते. दुसऱ्यांनी बनवलेल्या वस्तूंतले दोष काढण्याचा त्यांनी आयुष्यभर पगार घेतला आणि निवृत्तीनंतर तेच काम लोकांच्या जुन्या नोटांवर फुकट सुरू केलं. जुनी नोट घेऊन या, अण्णा ती खिडकीतल्या उन्हात धरणार, भिंगातून बघणार आणि एखादा संग्राहक तिचे किती देईल ते सांगणार. बहुतेक वेळा उत्तर नोटेवर छापलेलंच असायचं. शंभराच्या नोटेचे शंभर.

“पण अण्णा, माझ्या आजोबांच्या वेळची आहे हो!”

“नोट म्हातारी झाली म्हणून मोठी होत नाही. माणसासारखंच आहे ते.”

हे वाक्य दर रविवारी एकदा तरी जिन्यावरून खाली यायचं. मी चहा गाळताना त्याची वाट बघायला लागले होते.

अण्णांच्या मते नोटेचं वय हा सर्वांत बिनमहत्त्वाचा मुद्दा. सही कोणाची, तशा किती छापल्या, त्यांतल्या किती उरल्या, हे आधी. मग घड्या, कोपरे, कोणी पेनानं केलेला हिशेब आणि भोकं. पूर्वी बँका गड्ड्यांना पिना मारायच्या, त्यामुळे आपल्याकडच्या जुन्या नोटा कान टोचल्यासारख्या दिसतात. त्या भोकांबद्दल अण्णा असं बोलायचे, की जणू बँकेनं पिन त्यांनाच टोचली होती.

त्यांनी स्वतःची एक शिडी बनवली होती. कोरी, जवळजवळ कोरी, बरी, वापरलेली, दमलेली आणि गेलेली. प्रत्येक नोट यांपैकी कुठल्या तरी पायरीवर बसायची. “नोट ही शिडी उतरते,” ते बजावायचे, “चढत नाही.” दुर्दैवानं शिडी फक्त नोटांपुरती राहिली नाही. कोपऱ्यावरच्या हॉटेलातली इडली बरी होती, महापालिकेचा रस्ता गेलेला होता, डॉक्टर वापरलेले होते. मी राहायला गेले तेव्हा माझ्याशी तासभर बोलून त्यांनी निकाल दिला, “तुमचं पुण्याचं मराठी वापरलेलं वाटतं. आमचं बघा, तिजोरीत राहिलेलं.” आणि लगेच पुढच्या वाक्यात, “स्वल्प थांबा, कॉफी घ्या, सरी?” या अर्ध्या कन्नड वाक्यातलं तिजोरीतलं मराठी कुठलं, ते मी विचारलं नाही. अॅडव्हान्स द्यायचा होता.

मोबाइलवरून भाडं घ्यायला त्यांचा ठाम नकार होता. “हातात नोट आल्याशिवाय महिना संपला हे कळणार कसं?” मग मी दर महिन्याला यंत्रातून नोटा काढून आणायच्या, त्यांनी एकेक उन्हाला लावायची आणि एखादी परत करायची.

“ही बदलून द्या. दमलेली आहे.”

“अण्णा, बाजारात चालते की.”

“बाजारात सगळंच चालतं.”

रविवारच्या यात्रेकरूंमध्ये सर्जापूर रोडचं एक तरुण जोडपं माझ्या चांगलं लक्षात आहे. मी भाडं द्यायला वर गेले होते. दोघं संगणकातली, दोघांच्या गळ्यात रविवारीसुद्धा कंपनीच्या पट्ट्या. त्यांच्या नोटेचा नंबर शुभ आहे आणि तशा नोटेला लाखांत किंमत येते, असं त्यांनी एका व्हिडिओत पाहिलं होतं.

“लाख कोण देणार म्हणाला?” अण्णांनी विचारलं.

“व्हिडिओवाला.”

“मग त्यालाच द्या.”

“तो आधी रजिस्ट्रेशनचे पैसे मागतोय, अंकल.”

“तुमच्या नोटेपेक्षा ही युक्ती जुनी आहे.” अण्णांनी नोट उलटीपालटी केली. “हे प्लास्टिक कधी चढवलंत?”

“काल लॅमिनेट केली. तुमच्याकडे आणायची होती ना, सेफ राहावी म्हणून.”

“राहिली. आता ती कुठेच जाणार नाही.”

दुसऱ्या के. आर. पुरमच्या एक बाई. त्यांनी सासऱ्यांच्या पेटीत सापडलेली नोट रिठ्याच्या पाण्यात धुतली होती, सावलीत वाळवली होती आणि साडीखाली ठेवून तिच्यावर इस्त्री फिरवली होती. नोट इतकी टापटीप दिसत होती, की मी मनात शाबासकी दिली. अण्णांनी ती नाकाशी नेली आणि डोळे मिटले.

“रिठा?”

“हो. साबण नाही वापरला हं!” बाई अभिमानानं म्हणाल्या.

“बाई, नोटेला नोटेचा वास यायला पाहिजे. घामाचा, तंबाखूचा, शंभर खिशांचा. डाग पडलेली नोट निदान खरं सांगते. धुतलेली नोट खोटं बोलते.”

बाईंचा चेहरा पडला तेव्हा आतून अक्का कॉफी घेऊन आल्या. अक्का म्हणजे अण्णांच्या पत्नी. कॉफी हा त्या घरातला नुकसानभरपाईचा विभाग होता. अण्णा माणसाला खाली आणायचे आणि अक्का त्याला बसतं करायच्या. “तुम्ही मनावर घेऊ नका हो,” त्या पेला हातात देत म्हणायच्या, “आमच्या लग्नाच्या साडीलासुद्धा हे बरी म्हणाले होते.”

अण्णा स्वतः कोणाकडूनही नोट विकत घेत नसत. “किंमत सांगणाऱ्यानं विकत घेऊ नये आणि विकत घेणाऱ्याची किंमत ऐकू नये.” त्यांचा स्वतःचा अल्बम तरुणपणापासून पगारातून जमवलेला. त्यात सगळ्या पायऱ्यांच्या नोटा होत्या. कोरी मात्र एकच होती, स्वातंत्र्याच्या आधीची, राजाचं चित्र असलेली. घडी नाही, भोक नाही, कोपरे सुईसारखे. ती शेवटच्या पानावर बंद कागदी पाकिटात असायची आणि ते पाकीट अण्णा वर्षातून एकदाच उघडायचे, तेही श्वास रोखून.

आता अक्कांच्या गुडघ्यांकडे येते, कारण खरा प्रश्न ते होते. घराचा जिना अरुंद, उंच पायऱ्यांचा आणि मध्येच वळणारा. त्या जिन्यानं आणि वयानं मिळून अक्कांचे गुडघे दमलेल्यावर आणून ठेवले होते आणि त्या खाली उतरेनाशा झाल्या होत्या. ज्या आठव्या क्रॉसच्या, म्हणजे आडव्या गल्लीच्या, बाजारात त्यांनी आयुष्यभर फुलवाल्यांना घाम फोडला, तो बाजार चालत जाण्याच्या अंतरावर होता आणि अक्का गॅलरीतून दोरीला बांधलेली टोपली खाली सोडत होत्या. गाडीवाला त्यात देईल तो भोपळा वर यायचा. हात लावून बघता येत नाही, नख खुपसून बघता येत नाही. “जेलमध्ये तरी हे सगळं फुकट देतात,” त्या मला म्हणाल्या. त्यांना दुसरं काही नको होतं. स्वतःच्या पायांनी बाजारात जाऊन भांडायचं होतं.

मी एका कंपनीत खरेदी विभाग सांभाळते आणि अडचण दिसली की यादी करते. इथे यादी छोटी होती. अक्कांना जिना जमत नाही. मला जमतो. त्या वर राहतात, मी खाली. पुढची ओळ लिहायचीही गरज नव्हती. मी वर जाऊन अदलाबदलीचा प्रस्ताव मांडला.

अण्णा म्हणाले, “खाली उजेड नाही.”

“ट्यूबलाइट आहे.”

“ट्यूबलाइटमध्ये बघितलेली नोट आणि फोनवर बघितलेली मुलगी, दोन्ही सारखंच. घड्या दिसत नाहीत. सकाळी अकराचं ऊन या खिडकीत तिरपं येतं, ते खाली येतं का?”

खाली येत नव्हतं. खाली शेजारच्यांची पाण्याची टाकी येत होती.

अण्णांना अक्कांची काळजी नव्हती असं मात्र नाही. त्यांनी त्यांच्या पद्धतीनं तोडगा काढला. घराला बाहेरून छोटी लिफ्ट बसवायची आणि त्यासाठी अल्बम विकायचा. एवढा मोठा निर्णय त्यांनी इडलीचं पीठ आंबलं की नाही हे सांगावं तसा सांगितला. नंतर अल्बम उघडून खिडकीत बसले आणि दुपारी जेवले नाहीत, हे अक्कांनी मला टोपलीतून डबा खाली पाठवताना सांगितलं. डबा अण्णांच्या वाट्याच्या पुरणपोळीचा होता.

मला राहवलं नाही. मी म्हटलं, “अण्णा, नोटा बघायला उजेड पाहिजे म्हणून तुम्ही वर राहता. वर राहता म्हणून लिफ्ट पाहिजे. लिफ्ट पाहिजे म्हणून नोटा विकताय. नोटा विकल्यावर वर राहून काय बघणार?”

त्यांनी अल्बम मिटून मांडीवर घेतला.

“लिफ्ट,” ते म्हणाले.

व्यापारी आला तो रविवारीच, अकरा वाजता. पेठेतला, कन्नड बोलणारा, कामापुरतं हिंदी आणि गिऱ्हाइकापुरतं मराठी येणारा चटपटीत माणूस. अक्कांनी मला साक्षीला बोलावलं होतं. अण्णांना आवरायला, हे त्यांनी शब्दांत सांगितलं नाही.

व्यापाऱ्यानं पहिली नोट पाहिली आणि मान डोलावली. “फारच छान राहिलीय, सर. जवळजवळ कोरी म्हणायची.”

मी मनात बरोबरची खूण केली. पण अण्णांचा चेहरा आंबट झाला.

“कुठली, ही? भिंग घ्या. डावीकडे बघा. अजून डावीकडे. दिसलं?”

“काय, सर?”

“भोक! पिनेचं. तुम्ही धंदा करता आणि भोक दिसत नाही? ही वापरलेली आहे.”

व्यापाऱ्यानं जरा शरमून किंमत खाली आणली. दुसऱ्या नोटेला अण्णांनी पाठीमागची घडी दाखवली. तिसरीवर कोणीतरी कधीकाळी पेन्सिलीनं केलेली बेरीज दाखवली, जी फक्त तिरप्या उन्हातच दिसत होती, आणि ती चुकलेली होती हेही दाखवलं. मी खोकले. अक्कांनी दारातून हाक मारली, “अहो, ते छान म्हणतात तर छान असू द्या की!”

“असू द्या? नोटेला असू द्या चालत नाही.”

मी आयुष्यात पुष्कळ वाटाघाटी केल्या आहेत. विकणारा किंमत पाडतोय आणि घेणारा “राहू दे हो सर” म्हणून ती सावरतोय, असा प्रकार एकदाच पाहिला. शेवटी व्यापाऱ्यानं भिंग खाली ठेवलं. “सर, एक विचारू? तुम्ही विकताय की घेताय?”

“मी खरं सांगतोय.”

“सरी, सर. पण असं खरं सांगितलं तर लिफ्ट पहिल्या मजल्यापर्यंत पोचणार नाही.”

पण अण्णा शांत होते, कारण शेवटचं पान बाकी होतं. “ही बघा,” ते म्हणाले आणि कोऱ्या नोटेचं पाकीट त्यांनी दोन बोटांनी उघडलं. “हिच्यात दोष काढून दाखवा.”

दोष काढायला भिंग लागलं नाही. राजाच्या कपाळावर, अगदी मधोमध, ठसठशीत कुंकू होतं. त्याखाली हळद. राजा एखाद्या कुळाचारासाठी पाटावर बसल्यासारखा दिसत होता.

अण्णांनी नोट उन्हात धरली, उलटी केली, पुन्हा सुलटी केली, जणू काही दुसऱ्या बाजूनं कुंकू कमी होणार होतं.

“ते मी लावलंय,” दारातून अक्का म्हणाल्या. “मागच्या दिवाळीत तुमच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं ना? डोळ्याला पट्टी. दर वर्षी तुम्ही लक्ष्मीपूजनाला बँकेतून नवी नोट आणता, ती आणायला कोण जाणार होतं? मी उतरू शकत नाही. मग घरातली सगळ्यांत चांगली काढली. देवीपुढे काय पिना टोचलेली ठेवू?”

या युक्तिवादात दोष काढणं अण्णांनाही जमलं नाही. चाळीस वर्षं त्यांनीच अक्कांना सांगितलं होतं की घरात चांगली अशी एकच आहे.

व्यापारी मात्र हसला आणि पुढे सरकला. “काही बिघडलं नाही, सर. माझ्याकडे एक माणूस आहे. औषध लावून कुंकू उडवतो, भिंगातूनसुद्धा कळत नाही. मी पूर्ण कोरीची किंमत देतो. बाकीच्या तुमच्या खऱ्या भावानं धरल्या तरी लिफ्ट येते. मॅडमांचा प्रश्न सुटेल.”

मला तो प्रस्ताव व्यवहार्य वाटला, हे लपवत नाही. अण्णांनी खिडकीतून बाहेर पाहिलं, गॅलरीतल्या टोपलीकडे. समोर धुवायची नोट होती आणि पलीकडे अक्कांचा बाजार. एक शब्द बोलले असते तर काम झालं असतं, आणि तो शब्द त्यांच्या तोंडून निघत नव्हता. नाही म्हणणंही निघत नव्हतं.

“अगं, तू सांग,” शेवटी ते म्हणाले. “जिना तुझा आहे.”

अक्कांनी विचार करायला वेळ घेतला नाही. “लक्ष्मीच्या पाटावर बसलेली नोट औषधानं धुवून विकायची? मग देवांनाही घासूनपुसून बाजारात मांडा. यांना म्हणावं, बाकीचं न्यायचं ते न्या आणि कॉफी घ्या.”

बाकीचं त्यानं नेलं. खऱ्या भावानं. जाताना त्यानं अण्णांना वाकून नमस्कार केला. एवढ्या स्वस्तात अल्बम मिळाल्यावर मीही केला असता. त्या पैशांत लिफ्ट बसत नव्हती. गुडघ्याच्या डॉक्टरांची फी, व्यायाम करून घेणारी बाई आणि हातात धरायची चांगली काठी एवढं बसत होतं.

कुंकवाची नोट उरली. अण्णांनी तिची पायरी स्वतःच जाहीर केली, “वापरलेली.” कोरीवरून थेट तीन पायऱ्या खाली. आवाजात काही फरक नव्हता. पण त्यानंतर ते दोन रविवार कोणाला भेटले नाहीत.

मी तिसऱ्या रविवारी पुन्हा वर गेले. आता अल्बम नव्हता, तेव्हा खाली यायला हरकत कसली?

“एक राहिली आहे ना,” अण्णा म्हणाले. “तिला बघायला उजेड लागेल.”

एका वापरलेल्या नोटेसाठी एक अख्खा मजला. मी पिशवी उचलून निघणार, तेवढ्यात अक्का स्वयंपाकघरातून बाहेर आल्या, काठी टेकत.

“ती नोट कुठे आहे?”

“कुठे म्हणजे? पाकिटात.”

“नाही. मी कालच देवघरात ठेवलीय. कुंकू लागलं की ती देवाची. आणि देवघर माझ्याबरोबर असतं की तुमच्या खिडकीबरोबर?”

अण्णांची नजर खिडकीकडे गेली.

“मी खाली चालले,” अक्का म्हणाल्या. “देव माझ्याबरोबर येणार. नोट देवाबरोबर येणार. तुम्हाला नोट बघायची असेल तर काय करायचं ते तुमचं तुम्ही ठरवा.”

माझी यादी जे करू शकली नव्हती, ते या चार वाक्यांनी केलं. सामान हलवायचा दिवस मी ठरवला, खोक्यांवर नावं मी घातली, पण मिरवणूक त्यांची होती. हमालांनी अक्कांना खुर्चीत बसवून जिन्यावरून उतरवलं. त्यांच्या मांडीवर देवांचं ताट, ताटात पाकीट. वळणावर खुर्ची कलली तसे मागून अण्णा ओरडले, “सपाट! सपाट धर नोट!”

“आधी मला सपाट धरायला सांगा!” अक्का खुर्चीतून ओरडल्या.

मी वर राहायला गेले. भाडं लगेच वाढलं. कारण विचारलं तर अण्णा म्हणाले, “उजेड चांगला आहे.” एवढ्यावर भागलं नाही. रविवारचे यात्रेकरू येतच राहिले आणि अकराचं ऊन आता माझ्या खोलीत होतं. त्यामुळे अण्णा त्यांना घेऊन जिना चढायचे, माझ्या खिडकीतले वाळत घातलेले टॉवेल दोन बोटांनी बाजूला करायचे आणि माझ्याच खुर्चीत बसून लोकांना खाली आणायचे. कॉफी मला करावी लागे. “बरी आहे,” असं ते म्हणायचे, आणि मला त्याचा आनंद व्हायला लागला, तेव्हा मी घर सोडायचा विचार गंभीरपणे सुरू केला. आता मी सर्जापूर रोडला राहते. भाडं मोबाइलवरून जातं आणि महिना संपला हे कळत नाही.

पण घर सोडण्याआधीची एक दिवाळी तिथे झाली. लक्ष्मीपूजनाला मी खाली गेले होते. अक्का त्या दिवशी सकाळी काठी टेकत स्वतः आठव्या क्रॉसवर जाऊन आल्या होत्या. शेवंतीवरून फुलवालीशी झालेलं भांडण त्यांनी मला आल्याआल्या सांगितलं, मग अण्णांना सांगितलं, मग मला पुन्हा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगताना फुलवाली जास्त उद्धट झाली होती.

अण्णांनी बँकेतून नवीकोरी नोट आणून ठेवली होती. अक्कांनी ती बाजूला सरकवली आणि पाटावर तांदळाच्या राशीशी राजा बसवला. “मागच्या वर्षी ही होती,” एवढंच म्हणाल्या. फुलं वाहिली, दिवा सरळ केला आणि कुंकवात बोट बुडवलं.

“थांब!”

अण्णा उठले. हातात भिंग. आता भोकांवर आणि डागांवर व्याख्यान होणार म्हणून मी भिंतीला टेकून बसले. ते पाटाशी आले, गुडघ्यांवर हात ठेवून कष्टानं वाकले आणि नोटेवर भिंग धरलं.

“आहे तिथेच लाव,” ते म्हणाले. “दुसरा डाग नको.”

अक्कांनी बोट नेमकं जुन्या कुंकवावर टेकवलं आणि उचललं. अण्णा भिंगातून बघत राहिले. ट्यूबलाइटच्या उजेडात.

“बरी,” ते म्हणाले.